प्रदर्शनातलं सॅम्पल कस्टममधून घरी आणताना

चीनचा कँटन फेअर असो की दुबईचं गल्फूड प्रदर्शन, स्टॉलवाल्यानं नमुना हातात दिला की तिथंच कागद मागून घ्या. मुंबईत कस्टम अधिकारी जे विचारणार, ते बहुतेक या कागदावरच असतं.

व्हिजिटिंग कार्डावर भागत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्याचं इन्व्हॉइस हवं. त्यात वस्तूचं साधं नाव, मॉडेल, नग, एका नगाची किंमत, चलन, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि कुठल्या देशात बनली हे यायला हवं. नमुना फुकट मिळाला तरी किंमत शून्य लिहू देऊ नका. खरी किंमत लिहून खाली 'मोफत नमुना, विक्रीसाठी नाही, किंमत फक्त कस्टमसाठी' अशी ओळ टाकायला सांगा. शून्य दिसलं की अधिकारी तशाच मालाच्या भावावरून स्वतः किंमत लावतो, मग वाद घालायला तुमच्या हाती काही राहत नाही.

नग कमी ठेवा. ठिबकचे पाच प्रकारचे ड्रिपर, प्रत्येकी एक-दोन, हे सॅम्पल. एकाच ड्रिपरचे दोनशे नग म्हणजे विक्रीचा माल, मग इन्व्हॉइसवर काहीही लिहिलेलं असो. संत्रा बर्फी किंवा डाळीच्या पाउचचा नमुना असेल तर हॉटेलवरच त्याला भोक पाडा, 'सॅम्पल' असं पक्क्या शाईनं लिहा. विकता येणार नाही असा माल सुटायला सोपा.

एक गैरसमज फार आहे. प्रवाशाला मिळणारी ड्युटी-फ्री मर्यादा घरच्या वापराच्या वस्तू आणि भेटींसाठी असते, धंद्याच्या मालासाठी नाही. खुल्या आयातीतल्या वस्तूचं सॅम्पल बॅगेतून आणायला विदेश व्यापार धोरणानुसार परवाना लागत नाही हे खरं. पण परवाना नाही म्हणजे ड्युटीही नाही, असा अर्थ कुणी काढू नये. धंद्यासाठी आणताय तर आयईसी नंबर (आयात-निर्यातीसाठीचा कोड) आधीच काढून ठेवा. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर पॅनवरून निघतो, फी ५०० रुपये. शेतकरी उत्पादक कंपनीसाठी जात असाल तर कंपनीच्या नावानं काढा, इन्व्हॉइसही त्याच नावाचं घ्या.

काही गोष्टी मात्र स्टॉलवरच सोडून या. कपाशीचं बी, भाजीपाल्याचं बी, संत्र्याची डोळकाडी (कलम बांधायची डोळ्याची काडी) किंवा कलम: २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला), दोन्ही लागतात. 'दहाच तर दाणे आहेत' हे कुणी ऐकत नाही. ऐकूही नये, बाहेरच्या डोळकाडीतून रोग वरुड-मोर्शीच्या बागांत शिरला तर निस्तरणार कोण? मातीही नको. कीटकनाशकाच्या बाटलीला भारतात नोंदणी लागते, आणि विमान कंपनीही ती चढू देत नाही. फवारणीच्या ड्रोनचा मोह सगळ्यांना होतो, पण ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे. खोलून सुट्या भागांचा संच करून आणला तरी तो ड्रोनच धरतात. ब्लूटूथ किंवा वायफायचा ओलावा सेन्सर घेताना डब्ल्यूपीसीची (वायरलेस उपकरणांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाची) मंजुरी आहे का ते विचारा. लिथियमची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत.

मुंबईहून पुढं नागपूरचं विमान असेल तर सहसा बॅग मुंबईतच उतरवून कस्टम करावं लागतं. मध्ये चार तास तरी ठेवा. विदर्भ एक्सप्रेसनं जाणार असाल तर त्याहून जास्त. आणलेल्या मालाची घोषणा कस्टमच्या 'अतिथी' ॲपवर आधीच भरता येते. सॅम्पल बॅगेच्या वरच्या थरात, इन्व्हॉइसच्या दोन प्रती हातात, आणि सरळ रेड चॅनेल, म्हणजे माल दाखवणाऱ्यांची रांग. 'दाखवायला काही नाही' म्हणणाऱ्यांच्या ग्रीन चॅनेलमधून जाताना तोच माल सापडला तर तो लपवलेला ठरतो. जप्ती आणि दंड दोन्ही होऊ शकतात.

माल अडकलाच तर हुज्जत न घालता डिटेन्शन रिसीट (माल अडवून ठेवल्याची पावती) मागा. तिच्यावर प्रत्येक वस्तूचं नाव, नग, फ्लाइट नंबर आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहे का ते काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या. नुसतं 'मशीन पार्ट' लिहिलं असेल तर मॉडेल नंबर घालायला लावा, नाहीतर सोडवताना नेमकी वस्तू कोणती यावरच घोडं अडतं. ड्युटी भरली असेल तर पावती इन्व्हॉइसला टाचून हिशेबाच्या फाइलला लावा.