प्रवास आणि आजारपणातही वाचन सुटू नये म्हणून

रोज वाचणाऱ्याचं वाचन कंटाळ्याने क्वचित तुटतं. ते तुटतं गावच्या लग्नाला चार दिवस गेल्यावर, नाहीतर तापाने आठवडाभर पडून राहिल्यावर. मग अर्धवट कादंबरी हातात घ्यावी, तर कोण कुणाचा कोण हेच आठवत नाही. तिथेच ती कपाटात जाते. हे टाळायचं तर तयारी आपण घरी, धडधाकट असतानाच करायला हवी.

१. एका वेळी दोन पुस्तकं चालू ठेवा. एक घरचं, जाडजूड. दुसरं कुठेही उघडता-मिटता येईल असं: कथासंग्रह, ललित लेख, किंवा दिवाळी अंक. सगळे अंक दिवाळीतच संपवायचा हट्ट कशाला? दोन-तीन अंक वर्षभरासाठी बाजूला काढा. हे दुसरं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रवासाच्या बॅगेतच राहू द्या.

२. वाहन बघून ठरवा. एसटी घाटात शिरली की पुस्तक मिटा. डोळ्यांना पान स्थिर दिसतं, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र प्रत्येक वळण जाणवतं. हा मेळ बसत नाही आणि गाडी लागते. तिथे ऐकावं. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी ऑडिओ पुस्तकं आहेत, पण निघण्याआधी डाउनलोड करून घ्या. कोकण रेल्वेवर बोगद्यांत रेंज जाते, आणि एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. रेल्वेत रात्री दहानंतर डब्यातले मोठे दिवे बंद होतात. एसी डब्यात बर्थच्या उशाशी छोटा दिवा असतो. स्लीपरने जाणार असाल तर दुपारीच वाचून घ्या.

३. आजारपणात आधी विश्रांती. ताप चढलेला असताना वाचायचा अट्टहास नको. उतरला की नवं काही न घेता पूर्वी वाचलेलं, आवडतं पुस्तक घ्या. डेंगीनंतरचा थकवा कित्येक दिवस जात नाही, लक्ष टिकत नाही. ओळखीच्या पुस्तकात मधलं पान निसटलं तरी वाट चुकत नाही. एक पान झालं तरी त्या दिवसाचं वाचन झालं. चिकुनगुनियात बोटांचे सांधे दुखतात, तेव्हा पुस्तक हातात न धरता मांडीवरच्या उशीला टेकवा.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टर सांगतील तोवर वाचायचं नाही. घरातल्या मुलांना रोज दहा मिनिटं वाचून दाखवायला सांगा. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो. आजीसाठी मोठ्याने वाचणारं पोर अडखळतं, शब्दांचे अर्थ विचारतं, आणि दुसऱ्या दिवशी पुढे काय झालं म्हणून स्वतःच येऊन बसतं.

४. थांबताना चिठ्ठी ठेवा. नुसती खूण पुरत नाही. कथानक कुठवर आलंय ते दोन ओळींत लिहा: 'आत्या वाडा सोडून गेली. पत्र अजून दिनूच्या खिशातच. आईला काहीच माहीत नाही.' महिन्याने पुस्तक उघडलं तरी एवढ्यावर सगळं आठवतं.

५. परतल्यावर बुडालेली पानं भरून काढू नका. चिठ्ठी वाचा, दोन पानं मागे जा आणि पहिले दोन-तीन दिवस दहा मिनिटांवर थांबा. पुस्तक लायब्ररीचं असेल तर जाण्याआधीच मुदत वाढवून घ्या. नाहीतर ते अर्धवटच परत करावं लागतं.