ब्रेक किंचाळतात? चाक खोलण्याआधी आवाज नीट ऐका

ब्रेक वाजायला लागले की बहुतेक जण थेट नवे ब्रेक पॅड टाकतात. काही दिवस शांतता, मग तोच आवाज पुन्हा. आवाज नक्की कशाचा, हे तपासायचं राहूनच गेलेलं असतं.

ब्रेक दाबला की पॅड डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. हाच कंप आपल्याला किंचाळीसारखा ऐकू येतो. पॅड ढिला बसलेला असेल किंवा त्याच्या मागचा धातू कोरडा पडला असेल, तर तो वाढतो.

म्हणून आधी ऐका. काचा खाली घ्या, गाणी बंद करा आणि एखाद्या लांब भिंतीच्या कडेने 20-30 किमी वेगाने गाडी चालवा. आवाज भिंतीवरून परततो, त्यामुळे बाजू कळते. मग उलट दिशेने या.

पाऊस किंवा धुण्यानंतर पहिल्या दोन-चार ब्रेकनाच आवाज आला, तर डिस्कवर गंजाचा पातळ थर आहे. तो आपोआप घासून जातो. ब्रेक न दाबता चाकाच्या लयीत बारीक चिरका आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो किंवा बदलतो, तेव्हा बहुधा पॅड संपत आल्याची सूचना देणारी लोखंडी पट्टी डिस्कला लागत असते. सतत खरखर होऊन वळणावर बदलत असेल, तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलाय का बघा. दाबल्यावर जाड करकर येत असेल, तर लोखंडावर लोखंड घासतंय असं धरा आणि गाडी तिथेच थांबवा. आणि फक्त हलक्या ब्रेकवर, गाडी थांबता थांबता किंचाळी येत असेल, तर पॅड जाड असूनही दोष त्याच्या बसण्यात किंवा पृष्ठभागात असण्याची शक्यता जास्त.

कमी ब्रेक मारत दहा-पंधरा मिनिटं फिरून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न लावता धग तपासा. एकच चाक जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

आता खोला. सपाट जागा, बाकीच्या चाकांना अडसर, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल, आणि उचलल्यावर जॅकच्या जोडीला स्टँड हवाच. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका; ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने काढा. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

लोखंडी पाठ सोडून फक्त घासणारा भाग मोजा. तो 3 मिमी किंवा कमी असेल, तर पॅड बदला. बाहेरचा पॅड चाकातून दिसतो, आतला दिसत नाही, आणि फसगत तिथेच होते. आतला खूपच पातळ असेल, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिन किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन अडकलाय. पॅड तिरका झिजला असेल, तर बहुधा एकच पिन जाम आहे. पिन बोटाने सहज सरकायला हवी. तिच्यावर तांबूस गंज किंवा घट्ट झालेलं ग्रीस असेल, तर पुसून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. दोन्ही पिन सारख्या नसतात, त्यामुळे जी पिन ज्या भोकातली, ती त्यातच घाला.

पॅडची पाठ नीट निरखा. पिस्टन टेकतो तिथे चकचकीत कडं दिसलं, तर तो तिथे थरथरत होता. मागची शिम (पातळ पत्रा) किंवा क्लिप गायब आहे का बघा. घाईत पॅड बदलताना तीच राहून जाते. पॅडचे कान (दोन्ही टोकं) बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने साफ करा. पॅड हाताने सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. कानांना आणि पाठीला उष्णता सहन करणारं ब्रेक ग्रीस पापुद्र्याइतकंच लावा, घासणाऱ्या बाजूला मात्र थेंबही नको.

घासणारी बाजू आरशासारखी चमकत असेल, तर 80 ते 120 नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर पॅड फिरवा. तडे गेलेले किंवा तेल लागलेले पॅड वाचत नाहीत. त्या अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ असेल, तर डिस्कही बदला. ड्रम ब्रेकमध्ये धूळ काढा आणि शू (ड्रमला आतून घासणारे भाग) टेकतात त्या मागच्या प्लेटवरच्या उंचवट्यांना किंचित ग्रीस द्या.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहणार नाही ना, यावर लक्ष ठेवा. ते रंग खातं. जोडणी झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा.

नवे पॅड असतील, तर मोकळ्या रस्त्यावर 60 किमीवरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा. पूर्ण थांबू नका, प्रत्येक वेळी मध्ये थोडं थंड होऊ द्या. एवढं करूनही हलक्या ब्रेकवर बारीक आवाज राहिला, तर पॅडचा मसालाच कडक आहे; दुसऱ्या प्रकारचे पॅड घाला.