विषयांचा फॉर्म भरायच्या आधी घरी बसून करायची तयारी

बारावीचा निकाल लागला, अ‍ॅडमिशन झालं, पेढे वाटून झाले, आणि आता बीए, बीकॉम, बीएस्सीचे कॉलेजवाले एक फॉर्म हातात देऊन म्हणतात चार दिवसांत विषय भरा. मेजर म्हणजे मुख्य विषय, ते कळतं हो, केमिस्ट्री तर केमिस्ट्री, पण खाली ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी सगळी बाराखडी असते आणि घरात कोणालाच काही कळंना होतं, मग पोरगं मित्राने जिथं टिक केलं तिथंच टिक करून मोकळं होतं. आमच्या भाच्याने हेच केलं. बीएस्सीला असून ओपन इलेक्टिव्ह सायन्समधलंच घेतलं, सॉफ्टवेअरने पण निमूट घेतलं, पेपर झाला, पास बी झाला, अन् नंतर कळलं की हे चालतच नाही. ते दोन क्रेडिट पुन्हा कमवायला लागले. क्रेडिट म्हणजे विषय पास झाला की डिग्रीच्या खात्यात जमा होणारा हिशेब. म्हणून हे लिहायलोय.

पहिलं काम म्हणजे आपलं कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं ते बघा, कारण नातेवाईक सल्ला देतात ते त्यांच्या विद्यापीठाचा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली म्हणजे स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ), आणि संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव म्हणजे बामू (डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ). नव्या शैक्षणिक धोरणाचा ढाचा राज्यभर सारखाच आहे, ऑटोनॉमस कॉलेजात २०२३-२४ पासून आणि बाकीच्यांत २०२४-२५ पासून सुरू झाला, पण त्या ढाच्यात कोणकोणते विषय ठेवलेत ते विद्यापीठागणिक वेगळं, आणि त्यातले प्रत्यक्षात शिकवतात किती ते कॉलेजागणिक वेगळं. विद्यापीठाच्या साइटवरून आपल्या कोर्सचं स्ट्रक्चरचं पान काढा, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट मारून आणा, मोबाईलवर बघून काही होत नाही. मग दोनशे पानी वहीत सहा रकाने पाडा, सहा सेमिस्टरचे, आणि प्रत्येकात क्रेडिट लिहा. एका सेमिस्टरला २० ते २२ यायला पाहिजेत, तीन वर्षांची डिग्री १२० ते १३२ ची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. बेरीज जुळली नाही तर तुमचं काहीतरी राहिलंय.

आता ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे फॉर्मवरचं ओई, सगळी गोची इथंच होते. नियम साधा आहे, आपल्या फॅकल्टीच्या, म्हणजे शाखेच्या, बाहेरचा विषय घ्यायचा. महाराष्ट्रात फॅकल्ट्या चार, सायन्स अँड टेक्नॉलॉजी, कॉमर्स अँड मॅनेजमेंट, ह्युमॅनिटीज आणि इंटरडिसिप्लिनरी. म्हणजे केमिस्ट्रीवाल्याने फिजिक्स घेतलं तर ते बाहेरचं झालं नाही, दोन्ही एकाच फॅकल्टीत. विषयाच्या नावावर जाऊ नका, त्याच्यासमोर कोणती फॅकल्टी लिहिली ते बघा. आणि निवडायच्या आधी टाइमटेबल मागा, बनलं नसेल तर सीनियरला मागच्या वर्षीचं विचारा, कारण गावाकडून अप-डाऊन करणाऱ्या पोरींचं सगळं गणित एसटीवर असतं. अडीचची गाडी गेली की पुढची साडेपाचला, आणि ओईचा तास बहुतेक सगळ्यात शेवटी टाकतात कारण सगळ्या फॅकल्टीची पोरं एकत्र बसवायची असतात. विषय कितीबी भारी असो, गाडी चुकवून रोज कोण बसणार. पेपर मराठीत लिहायला चालतो का हेही तिथंच विचारून घ्या.

व्हीएससी आणि एसईसी यात सगळे गोंधळतात. दोन्ही कौशल्याचे कोर्स, पण व्हीएससी मेजरला धरून असतं, एसईसी जरा मोकळं. त्यात एवढं डोकं लावायची गरज नाही, फक्त लॅब किंवा कॉम्प्युटर खरंच आहेत का ते एकदा डोकावून या. एईसी म्हणजे भाषा, इंग्रजी आणि एक भारतीय भाषा, जी भाषा घ्याल ती पुढं बदलत बसू नका. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, दोन क्रेडिटचं, एकदा झालं की सुटलात. व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण, त्यात राज्यघटना, पर्यावरण असे विषय येतात. पर्यावरणाला हलकं समजू नका, १९९१ साली सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहता केसमध्ये ते शिकवायला सांगितलं, त्यातूनच ते डिग्रीच्या मागं लागलं. आमच्या वेळी त्याचं प्रोजेक्ट दुकानात तयार मिळायचं, वर फक्त नाव बदलायचं, एका वर्षी अख्ख्या वर्गाने एकाच नदीचं प्रदूषण लिहिलं होतं, नदी पण आमच्या जिल्ह्यातली नव्हती.

सीसी म्हणजे अभ्यासाबाहेरचे उपक्रम, त्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, योगा, सांस्कृतिक असं असतं. एनसीसीला वेगळी निवड होते, जागा मोजक्या, त्यामुळं फॉर्मवर टिक केलं म्हणजे मिळालं असं धरू नका. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात जाऊन एनसीसीचं विचारा.

लातूर पॅटर्नवाल्यांना वेगळं सांगतो, म्हणजे नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करताना बीएस्सीला नाव टाकून ठेवणारे. कॉलेजला जायचं नाही, क्लासला बसायचं, असा प्लॅन असतो. मेजरचा पेपर पोरगं नीटच्या अभ्यासावर काढतं हो, पण या दोन-दोन क्रेडिटच्या विषयांचं इंटर्नल असतं, प्रोजेक्ट, हजेरी, तोंडी, ते घरबसल्या होत नाही. नीट लागली नाही तर पुढच्या जूनमध्ये हातात मेजर पास आणि खाली चार बॅकलॉग, असे मी दोन तरी पाहिलेत. आणि एका वर्षानं बाहेर पडून सर्टिफिकेट मिळतं ते खरं, पण त्याला ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण लागतात आणि वरून ४ क्रेडिटचा स्किलचा कोर्स.

एबीसी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेचा, आयडी आजच काढा, डिजिलॉकरवरून निघतो, १२ आकडी. कमावलेली क्रेडिट तिथं जमा होतात आणि सात वर्षं चालतात. अडचण आयडीत नसते, नावात असते. आधारवर नाव आधी, मार्कशीटवर आडनाव आधी, एकीकडं वडिलांचं नाव आणि दुसरीकडं नुसतं एक अक्षर, आणि आधारला जोडलेला नंबर काकाच्या जुन्या फोनचा. हे दुरुस्त करायलाच पंधरा दिवस जातात. स्वयम या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट आणायचं असेल तर आधी कॉलेजकडून लिहून घ्या की हे धरणार, आणि परीक्षेचं सेंटर कुठं येतं ते बघा, कोर्स घरून होतो पण परीक्षेला जावं लागतं.

हे सगळं बीए, बीकॉम, बीएस्सीचं झालं. इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ यांचे नियम त्यांच्या त्यांच्या कौन्सिलचे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी अ‍ॅग्रीला गेलेल्याला तर शेवटच्या वर्षी रावेला, म्हणजे शेतीच्या प्रत्यक्ष अनुभवाला, गावात जाऊन राहावं लागतं, त्याच्या वहीतून आपले रकाने उतरवू नका.

भाच्याने नंतर कॉमर्समधलं ओई घेतलं, पैशाच्या नियोजनाचं, नाइलाजानं. दिवाळीत घरी आला तर वडिलांच्या पीककर्जाचा कागद घेऊन बसला, ७ टक्क्यावर किती, वेळेत भरलं तर ३ टक्के सूट मिळून किती, सोयाबीन कधी विकलं तर तारीख गाठता येते, सगळं वहीत मांडलं. दाजी शेजारी चहा घेत बघत होते, म्हणाले हे केमिस्ट्रीत शिकवतात का. तो म्हणाला नाही, हे चुकून घेतलंय.

फॉर्म भरल्यावर सबमिट करायच्या आधी फोटो काढा, नंतरच्या पावतीची प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीटच्या मागं ठेवा. दुरुस्तीसाठी मुदत बहुतेक मिळते पण थोडीच, नोटीस बोर्डावर लागते, आणि ती आपल्याला कोणी फोन करून सांगत नाही.