पंचवीस हजारांत कॅमेरा घेताना

शिमग्यात आमच्या वाडीत रात्री पालखी नाचवतात, तेव्हा उजेड असतो तो मांडवातल्या तीन-चार ट्यूबलाइटचा. तिथे फोटो काढता यावेत एवढ्यासाठी मी कॅमेरा घेतला. मी चिपळूणजवळ शाळेत चित्रकला शिकवते. बजेट होतं पंचवीस हजारांचं. आता ओळखीतलं कुणी "पहिला कॅमेरा कोणता घेऊ?" म्हणून विचारायला आलं, की मी उलट विचारते, फोटो कशाचे काढायचेत? विषयावरून लेन्स ठरते, आणि पैसे घालायचे ते लेन्सवर.

बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, सरळ सेकंडहँड घ्या. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणलेला नाही, सगळा भर बिनआरशाच्या मिररलेसवर आहे. त्यामुळे चांगले जपून वापरलेले डीएसएलआर लोक विकायला काढतात. मी निकॉन डी३३०० घेतला. २०१४ सालचं मॉडेल, २४ मेगापिक्सेल. कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या अठरा-पंचावन्न एमएमच्या किट लेन्ससकट सोळा हजार पडले. साडेसात हजारांत ३५ एमएम एफ १.८ लेन्स मिळाली, तीही वापरलेली. उरलेले पैसे कार्ड आणि बॅगेत गेले.

या छोट्या लेन्सनेच माझं काम झालं. एमएमचा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स ३५ एमएमवर साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते. एफ १.८ वर तिच्या सहा पट उजेड आत येतो. म्हणजे किटवर जिथे शटर (उजेड आत घेणारा पडदा) एक-तीसांश सेकंदावर अडकायचं, तिथे आता एक-दोनशेअंशाच्या आसपास जातं. पालखी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या माणसाचा चेहरा एक-तीसांशाला नुसता फराटा येतो, एक-दोनशेअंशाला डोळे दिसतात. कॅननवाल्यांसाठी ५० एमएम एफ १.८ एसटीएम आहे. पण लहान सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) बॉडीवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे समोरचं आणखी जवळ दिसतं. माणसांचे चेहरे सुंदर येतात, घरातल्या खोलीत मात्र मागे सरकून भिंतीला पाठ लागते. घरातलेच फोटो जास्त असतील तर २४ एमएम एफ २.८ बघा.

पक्षी टिपायचे असतील तर कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम. व्हीआर (निकॉनचं) किंवा आयएस (कॅननचं), म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, नसलेली ७०-३०० स्वस्तात गळ्यात मारतात, ती घेऊ नका. ३०० एमएमला हाताची बारीकशी थरथरही फोटोत उतरते.

निकॉनमध्ये एक खोच आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५० एमएम एएफ-डी स्वस्त मिळाली म्हणून घ्याल, तर फोकस हातानेच फिरवावा लागेल. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं बघा, म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे. 'एएफ-पी' लेन्स डी३१००, डी३२०० वर चालत नाहीत, आणि डी३३०० ला आधी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, तिथे ही काळजी नाही. मात्र कॅनन १५००डी आणि ३०००डी यांच्या फ्लॅशच्या खाचेत मधला पॉइंट दिलेला नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा साधा फ्लॅश त्यावर उडत नाही. लग्नाची कामं करायची असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

आता बघून घ्यायचं कसं, ते नीट सांगते, कारण इथे मी एकदा फसले आहे. त्या डी३३०० च्या आधी एका अनोळखी माणसाकडून टेलिलेन्स (दूरचं टिपणारी लेन्स) घेतली होती. संध्याकाळी, दुकानाच्या पायरीवर बघितली, काच चकचकीत होती. घरी मोबाइलचा टॉर्च मागून मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून टॉर्च बरोबर न्या. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा. निकॉनच्या लेन्सच्या आतली, उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी पाती लेन्स सुटी असताना मिटलेली असतात. मागच्या बाजूला छोटी धातूची दांडी असते, ती बोटाने अलगद सरकवली की पाती उघडतात. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने टॉर्च तिरपा मारा आणि लेन्स फिरवत बघा. धुळीचे चार कण असू देत, फोटोत दिसत नाहीत. फांद्या फुटल्यासारखी नक्षी किंवा पात्यांवर तेलाचा ओलसरपणा दिसला, तर उठून निघा. नाकाशी धरून वासही घ्या. पावसाळ्यात बंद कपाटाला येतो तसा कुबट वास आला, तर मला पुढे बघावंसंच वाटत नाही.

बॉडीसाठी स्वतःचं कार्ड न्या. एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून झूम करा, सेन्सरवरचे डाग दिसतील. निकॉनच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा उडालंय ते नोंदलेलं असतं, फोटो घरी किंवा दुकानातच संगणकावर टाकून बघता येतं. डी३३०० चं शटर कंपनीने एक लाख वेळा तपासलेलं आहे. माझ्याकडे आला तेव्हा आकडा अठरा हजारांचा होता.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत ठेवायची नाही. मी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवते, सोबत निळी सिलिका जेल. ती गुलाबी झाली की स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या तव्यावर, खिडकी उघडून, मंद आचेवर पुन्हा निळी होईपर्यंत तापवते. जुलैत हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं.