बेकारभत्ता चालू असताना कोर्सची फी
इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (बेकार किंवा कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) घेत असाल आणि कॉलेजचा कोर्स करायचा असेल, तर नाव नोंदवण्याआधी वर्क कोचशी, म्हणजे जॉबसेंटरमधल्या (सरकारी रोजगार कार्यालयातल्या) तुमच्या अधिकाऱ्याशी बोला. कोर्स आठवड्यात किती तास आहे ते सांगा. न सांगता सुरू केला तर भत्त्यावरच गदा येऊ शकते, आणि ते फार महागात पडतं.

मग कॉलेजला थेट विचारा, भत्ता घेणाऱ्यांना फी माफ आहे का? बऱ्याच कोर्सना असते. नसेल आणि कोर्स लेव्हल ३ (साधारण बारावीच्या दर्जाचा) किंवा त्यावरचा असेल, तर १९ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर लोन आहे. त्यात उत्पन्न किंवा क्रेडिट हिस्ट्री पाहत नाहीत, पैसे थेट कॉलेजला जातात.

प्रवास, पुस्तकं, पाळणाघर यांसाठी कॉलेजकडे लर्नर सपोर्ट मिळतो का, हेही विचारा. तो मागितल्याशिवाय मिळत नाही.