फवारल्यावर अळी लगेच मेली नाही, तर दुसरी फवारणी घाईने करू नका

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी पानावर जिवंत अळी दिसली की औषध वाया गेलं असं वाटतं. पण आधी डब्यावरचा घटक वाचा. क्लोरँट्रानिलिप्रोल अळीच्या स्नायूंमधलं कॅल्शियम बाहेर सोडायला लावतं; स्नायू लुळे पडतात आणि काही तासांत तिचं खाणं थांबतं, जीव मात्र एक ते तीन दिवसांनी जातो. इमामेक्टिन बेंझोएटचंही तसंच, मार्ग मज्जातंतूंचा. नोव्हाल्युरॉन किंवा डायफ्लुबेंझुरॉन असेल तर आणखी धीर धरा. ही औषधं कायटिन, म्हणजे अळीच्या कातीतला मुख्य घटक, तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे अळी मरते ती कात टाकताना. अळीचे झालेले पतंग त्यांनी मरत नाहीत.

म्हणून मेलेल्या अळ्या मोजण्यापेक्षा ताजी विष्ठा आणि नवी कुरतडलेली पानं शोधा. ती नसतील तर औषध काम करतंय.

फवारणी अळी पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असतानाच करावी. मोठ्या अळीला विषाची मात्रा जास्त लागते, विष पचवणारी विकरंही तिच्यात अधिक असतात, आणि एकदा ती फळात किंवा पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा मात्रा वाढवून उपयोग नाही, लेबलवरचीच ठेवा. पुन्हा गरज पडली तर वेगळ्या कृतिगटातलं, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारं, औषध निवडा, नाहीतर प्रतिकारक्षम अळ्याच मागे उरतात.

आणि फवारण्याआधी अळी ओळखा, कृपा करून! काळसर, नारिंगी ठिपक्यांची, चपळ अळी मावा खाणाऱ्या ढालकिड्याची असू शकते. तिला वाचवायलाच हवं.