पंपाची ग्लँड गळायलीय? दोरी अशी बदला

ग्लँडमधून, म्हणजे पंपाचा फिरता दांडा (शाफ्ट) बाहेर येतो तिथल्या दोरी भरलेल्या जागेतून, पाण्याची धार लागली की गावात दोनच सल्ले भेटतात. एक, नट आवळ. दोन, आहे त्याच्यावर अजून एक वेढा दोरी कोंब. दोन्ही ऐकू नका. जुनी दोरी आतल्या आत वाळून दगडासारखी झालेली असते, तिच्यावर नवा वेढा टाकला तर दाब आतपर्यंत पोचतच नाही, नुसता बाहेरचा वेढा शाफ्टला घासत बसतो अन पंधरा दिवसात परत धार. अन ती धार शाफ्टवरून उडून बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढते, मग बेअरिंगचा खर्च वेगळा.

विहिरीवरचा जुना मोनोब्लॉक असो, इंजिनवरचा पट्ट्याचा पंप असो की नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) बॅकवॉटरवरची पाणी उपसायची लिफ्ट, ग्लँडची दोरी असलेल्या सगळ्या पंपांना काम हेच. कोकणातल्या मच्छीमार बोटींच्या पंख्याच्या शाफ्टला पण अशीच दोरी भरतात. दोरीऐवजी मेकॅनिकल सील (एकमेकीवर घासणाऱ्या दोन चकत्या) असलेल्या पंपाचं काम वेगळं, त्याला हे लागू नाही.

हात घालायच्या आधी स्टार्टरचा ऑटो काढा आणि किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवा. नुसतं स्टॉपचं बटण दाबून भागत नाही, थ्री फेज लाईट कधी येईल याचा आपल्याकडं भरवसा नाही अन ऑटोवर मोटर आपोआप फिरते, तेव्हा तुमची बोटं आत असतात.

दोरी घेताना अंदाजानं घेऊ नका. ज्या खोबणीत दोरी बसते तिचा आतला व्यास मोजा, त्यातून शाफ्टचा व्यास वजा करा, निम्मं करा. खोबण 48 मिमी अन शाफ्ट 32 असेल तर दोरी 8 मिमीची. चौकोनी, ग्रॅफाईटची घ्या. जाड आली म्हणून हातोडीनं ठोकून बारीक करायची नाही, तिची वीणच मोडते.

ग्लँडचे नट काढा, दोरी दाबून धरणारी ग्लँडची चकती मागं सरकवा, हुकानं जुने वेढे सगळेच्या सगळे ओढून काढा. जुनी दोरी करडी-पांढरी अन तंतू सुटणारी असली तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओली करूनच काढा, फुंकर मारू नका. मध्ये लँटर्न रिंग (वेढ्यांच्या मधली, पाणी फिरू देणारी भोकांची कडी) निघाली तर तिच्या आतल्या बाजूला किती वेढे होते ते मोजून ठेवा. ती पाण्याच्या भोकासमोरच परत बसली पाहिजे, नाहीतर पंप तिथून हवा ओढतो आणि पाणी ओढायचं सोडतो. स्लीव्हवर (दोरी घासते तिथं शाफ्टवर बसवलेली नळी) नख फिरवून बघा, नख अडकेल एवढा खड्डा असला तर आधी स्लीव्ह बदला, त्याच्यावर कितीही भारी दोरी भरली तरी गळणारच.

दोरी स्प्रिंगसारखी एकसलग गुंडाळून भरायची नाही, मिस्त्री लोक सर्रास भरतात पण पाण्याला तो आयता जिनाच भेटतो. शाफ्टच्याच मापाच्या पाईपावर गुंडाळून धारदार पात्यानं तिरपे काप घ्या, एक-एक वेढा वेगळा. एकेक आत ढकला अन दाबून बसवा, एकाचा जोड वर आला तर पुढच्याचा बाजूला, त्याच्या पुढच्याचा खाली, असं पाव-पाव फेऱ्यानं फिरवत न्या.

आता खरं काम, इथंच मला सगळ्यात जास्त त्रास झाला अन इथंच बहुतेकांची दोरी जळते. नट फक्त हातानं आवळा, पान्याला हात लावू नका. पंपात पाणी भरून चालू करा. गळू द्या, चांगलं भळाभळा गळू द्या. बघणारे म्हणतील अरे आवळ की, पाणी वाया चाललंय. ऐकू नका. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट सारखेच, षटकोनाची एक बाजू सरकेल एवढेच फिरवा. परत दहा मिनिटं थांबा. परत तेवढंच. असं करत करत सेकंदाला साधारण एक थेंब यायला लागला की थांबायचं. गळ्यातला रुमाल तेवढा आधी काढून ठेवा, शेजारी शाफ्ट फिरत असतो.

आणि थेंब बंद करायचा नाही. कोरडी ग्लँड म्हणजे चांगली ग्लँड हे डोक्यातून काढून टाका. तो थेंबच दोरीला अन शाफ्टला थंड ठेवतो, तो थांबला की दोरी करपते, कडक होते, मग ती स्लीव्ह कापत सुटते, म्हणजे शंभर-दोनशेच्या दोरीपायी स्लीव्हला हजारो लागतात. ग्लँडच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा, फिरत्या शाफ्टला नाही. कोमट लागली तर चालतंय, हात टिकत नसेल तर पंप बंद करा, थंड होऊ द्या, नट ढिले करा अन पहिल्यापासून सुरू करा. एक नट जास्त अन एक कमी आवळला तर ग्लँड तिरपी होऊन शाफ्टला टेकते, दोन्ही बाजूची फट डोळ्यानं बघत चला.

एवढं करूनही पाणी कमी फेकत असेल तर चालू पंपाच्या ग्लँडवर लांबून मगानं पाणी ओता. धार सुधारली तर हवा ग्लँडमधूनच जायलीय, लँटर्नची जागा परत तपासा. नाही सुधारली तर फुटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपाच्या तळाची झडप) अन सक्शनचे, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपाचे, जोड बघा.

पहिले काही दिवस दोरी दबत जाते, रोज एक नजर टाका, थेंब वाढले तर दोन्ही नट षटकोनाची एक-एक बाजू आवळा. आवळायला जागाच उरली नाही की परत सगळे वेढे नवे.